खोटं प्लास्टर

प्रणित : "तीन भोकं पाडली नि म्हने ऑपरेशन! माझ्या पोरीचे कान टोचले तवा याच्यापेक्षा जास्त रगत आलं होतं." आसं बोलला काशिराम. सगल्या कबड्डी टीमसमोर. आता तुमीच सांगा मॅडम, मी काय करायचं होतं?

(पनवेल, १९९६चा मार्च. दवाखान्यातली व्यायामाची खोली; नीता इथे पेशंटांकडून व्यायाम करून घेते. टेबलावर नुकतंच कापून काढलेलं प्लास्टर.)

नीता : काहीही करायचं होतंस. त्याला शिवी घालायची. मला फोन करायचा. पण न मोडलेल्या हाताला प्लास्टर घालून घ्यायचं? कुठलं डोकं रे हे?

प्रणित : ओरडू नका.

नीता : ओरडणार! दुर्बिणीचं ऑपरेशन कशासाठी केलं होतं, सांगितलं होतं ना तुला? कोपर उघडायचं नाही, भोकातून आत जायचं, हाडाचे सुटे तुकडे काढायचे आणि दुसऱ्या दिवसापासून हात हलवायचा. हलवायचा, प्रणित! आणि तू सव्वीस दिवस बांधून ठेवलास.

प्रणित : सत्तावीस.

नीता : वा. मोजलेस पण.

प्रणित : घरात दुसरं काय काम होतं मना?

नीता : हात आण इकडे. टेबलावर ठेव. सैल सोड. आता सरळ कर... अजून.

प्रणित : झाला की.

नीता : खांदा पुढे घेऊ नकोस. खांद्याची चोरी कळते मला. कोपर सरळ कर.

प्रणित : हाच सरल हाय आता... आई ग!

नीता : दुखलं?

प्रणित : नाय. तुमचा तो कोनमापक गार लागला. याच्यापायीच शाला सोडली मी, नि हितं बी तोच.

नीता : कोनमापकापायी कोण शाळा सोडतं?

प्रणित : त्याच्या नि मास्तरच्या. त्यानं एक लावली, मी पन एक लावली.

नीता : हसवू नकोस, मी चिडलेय. हे बघ. पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य. ऑपरेशनच्या आधी तुझा हात चाळीसवर अडकायचा, बरोबर? ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी आलास तेव्हा दहा. कार्डावर मीच लिहिलं, दहा. मुंबईच्या डॉक्टरांचा फोन आला होता, हा आपला सगळ्यात चांगला हात म्हणून. असे बारा पेशंट झाले त्यांचे, त्यात तुझा हात पहिल्या नंबरवर. आता वाच आकडा.

प्रणित : तुमीच वाचा.

नीता : वाच.

प्रणित : पंचावन्न.

नीता : म्हणजे ऑपरेशनच्या आधी होता त्याच्यापेक्षा वाईट. डॉक्टर चुकले नाहीत, पू झाला नाही, कुठे आपटला नाहीस. मी काय लिहू त्यांना?

प्रणित : लिवा पडला म्हनून.

नीता : प्लास्टर घालणाऱ्या कंपाउंडरला सांगितलंस तसं?

प्रणित : त्यानं इचारलं तरी कुठं धड. बोललो चिंचेवरून पडलो. त्यानं बोट लावलं, मी बोंबललो, त्यानं गुंडाललं. एक्सरे नाय, काय नाय.

नीता : पण का? कुणाला दाखवायचं होतं एवढं?

प्रणित : तुमाला नाय कलनार.

नीता : सांगून तर बघ.

प्रणित : आमच्या टीममधी कृष्णकांत हाय. लेफ्ट कॉर्नर. गेल्या साली कबड्डीतच त्याचा पाय मोडला. मांडीपासून खालपर्यंत प्लास्टर. सगली टीम रोज संध्याकाली त्याच्या ओटीवर. कॅरम पन तिकडंच नेला. त्याची आई बोलायची, पोरांनो घरी जावा आता, तरी कोन हलायचं नाय. मी बी नाय. दोन महिनं. आमच्याकडं आसंच हाय मॅडम, प्लास्टर बघून मानूस येतं. आनि मी मुंबईवरून आलो तो तीन पट्ट्या लावून. हात हलतोय. पट्ट्या निघाल्या तर खाली काय, डास चावल्यासारखं. कोन येनार? काय बघायला येनार?

नीता : पण ऑपरेशन झालं हे माहीत होतं ना त्यांना?

प्रणित : माझ्या तोंडून. चिरनेरची फायनल त्याच आठवड्यात होती. मी बोललो, डॉक्टरनं सा हप्ते खेलायचं नाय सांगितलंय. काशिराम कॅप्टन हाय. तो बोलला, उरनच्या पोरांनी मागच्या खेपेला आपटला ना, म्हनून टरकला. ऑपरेशनचं सोंग घेतलं. सगले हसले. कृष्णकांत पन.

नीता : आणि तू?

प्रणित : दगड उचलला. डाव्या हातानं.

नीता : अरे देवा.

प्रणित : काशिरामला नाय लागला. त्याच्या सायकलला लागला. तवापासून कोन बोलत नव्हतं माझ्याशी. मी मैदानाच्या कडेला बसायचो, तर दम घेतात तवा सगले दुसऱ्या बाजूला बसायचे.

नीता : मग प्लास्टर घातल्यावर आले?

प्रणित : आले की! पयल्या दिवशी सगलेच्या सगले. काशिराम पन. बोलला, च्यायला, खरंच मोडलास काय रे. सायकलचं नाव नाय काढलं त्यानं. कृष्णकांतनं वडापाव भरवला मना. मी बोललो, माझा डावा हात चालतोय, तरी भरवला.

नीता : आणि मग?

प्रणित : दुसऱ्या दिवशी पाच जनं.

नीता : मग?

प्रणित : मग काय. मग प्रॅक्टिस जोरात लागली. माझ्या जागेवर सुदामला घेतला. चांगला खेलतो जल्ला.

नीता : म्हणजे दोन दिवस. दोन दिवसांसाठी सत्तावीस दिवस हात बांधून बसलास? तिसऱ्या दिवशी का नाही काढलंस?

प्रणित : काढलं आसतं नि त्याच दिवशी आले आसते तर? आता ओरडा की.

नीता : पाणी पी. तो ग्लास घे. नाही, उजव्या हातानं. जमेल तेवढा वाकव.

प्रणित : तोंडापर्यंत येत नाय.

नीता : बघितलं मी. ठेव. आधी मला एक सांग, ऑपरेशननंतर घरी व्यायाम कोण करून घेत होतं? कार्डावर बहीण लिहिलंय. तूच सांगितलं होतंस.

प्रणित : हां. रूपा.

नीता : मग तिनं नाही अडवलं प्लास्टरला?

प्रणित : ती कशी अडवंल? तिचं लगीन होऊन तीन वर्सं झाली. सासरी पेनला असती ती.

नीता : मग तुझा दंड कोण धरत होतं?

प्रणित : खाट.

नीता : काय?

प्रणित : तुमी बोल्लात ना, दंड कोनीतरी घट्ट धरायला पायजे, नायतर खांदा चोरतो. मी खाली बसायचो नि टॉवेलनं दंड खाटेच्या पायाला बांधायचो. दातानं गाठ मारायची. मग हात लांब करायचा. हलू हलू.

नीता : एकट्यानं? आणि दहावर आणलास?

प्रणित : तवा वाटायचं, टीममधी जायचंय परत.

नीता : प्रणित, आता नीट ऐक. या वेळी खाट नाही चालणार. कोपर आखडलंय. माणूसच पाहिजे, ज्याच्या हाताला तुझं दुखणं कळेल आणि कुठे थांबायचं ते समजेल. दिवसातून चार वेळा. तेल चोळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी करीन इथे. बाकीचे पाच दिवस घरी. दीड-दोन महिने नीट केलंस तर बरंच सुटेल. नाहीतर हाच हात. शर्टाचं वरचं बटण दुसऱ्यानं लावायचं, आणि कबड्डी विसरायची.

प्रणित : दम देताय?

नीता : नाही. तुला खोटं सांगून काय मिळणार मला? 'बहीण' खोडलं मी. कुणाचं नाव लिहू?

प्रणित : काशिराम लिवा.

नीता : करेल तो?

प्रणित : नाय.

नीता : आई?

प्रणित : ती वारली. चौथीत होतो मी.

नीता : मग वडील?

प्रणित : बाप? तो डंपर चालवतो. खदानीवरून दगड भरायचा, उरनला टाकायचा, परत भरायचा. मधी घरी येतो, जेवतो, पडतो, जातो. आनि त्यानं मना आजवर हात लावलाय तो धोपटायलाच. तो धरंल तर उरलेला बी मोडंल.

नीता : त्याला माहितीय, प्लास्टर खोटं होतं ते?

प्रणित : नाय. त्याला वाटतं मोडलाच. शिव्या घातल्या. मग भाकरी कुस्करून द्यायला लागला.

नीता : म्हणजे?

प्रणित : म्हंजे एका हातानं भाकरी मोडत नाय ना. तर तो कामावर जायच्या आधी ताटात बारीक बारीक तुकडं करून, वर कालवन घालून, झाकून ठेवायचा. मी उठायचो तवा निघून गेलेला आसायचा.

नीता : रोज?

प्रणित : प्लास्टर होतं तवर रोज.

नीता : हे आधी का नाही सांगितलंस?

प्रणित : तुमी टीमचं इचारलं.

नीता : कोण एवढा हॉर्न वाजवतोय खाली? दवाखाना आहे हा.

प्रणित : तोच हाय. जाता जाता सोडला मना, नि खाली थांबलाय. गाडी भरलेली हाय त्याची, जास्त थांबत नाय.

नीता : वर बोलव त्याला. कसं धरायचं, मी दाखवते.

प्रणित : नको! नको मॅडम. खोटं प्लास्टर होतं कललं तर...

नीता : तर काय?

प्रणित : भाकरीचं आठवंल त्याला. उगाच केलं वाटंल.

नीता : पण प्लास्टर तर गेलं. हात बघून तो विचारणारच की.

प्रणित : मी सांगन. गाडीत सांगन. गाडी चालवताना त्याला मारता येत नाय.

नीता : आणि शुक्रवारी त्याला घेऊन येशील?

प्रणित : इचारतो.

नीता : मग नाव सांग. पूर्ण लिहायचंय.

प्रणित : तुलशीराम... पेनानं नको. पेन्सिलनं लिवा. चला, परत हॉर्न मारतोय, मना जायला पायजे आता.