डब्लिनमधला नारळाचा भात

भांडुपच्या बालरोगतज्ज्ञांकडे आमचा नंबर यायचा होता. माझं बाळ तोंड घट्ट मिटून बसलं होतं आणि मी चमचा हातात धरून. शेजारी बसलेल्या बाईंनी नातवाला सुनेकडे दिलं आणि डब्लिनला शिकायला गेलेल्या मुलाचा फोन स्पीकरवर घेतला.

"हर्षद, जेवलंस काय रे? की परत पावच?"

"जेवतोय. मलेशियन हॉटेलात आलोय."

"आयर्लंडात जावन मलेशियन?"

"ऐक तर. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर तळलेले सुके मासे, शेंगदाणे, लाल चटणी. अर्धे लोक हातानं जेवतायत."

"सुके मासे? तुझ्या रूममधल्या पोरांनी जवळो कचऱ्यात टाकल्यानी ना, वास येता म्हणान?"

"इथे कोणी नाक मुरडत नाही. काकू तर परत वाढायला येतात."

"खंयची काकू?"

"हॉटेलची मालकीण. म्हणते, किती बारीक झालायस."

"देव तिचा भला करो. आणि काल रडत म्हणालंस ना, सगळा सोडून परत येतंय म्हणान?"

"परीक्षा देऊनच येतो गं."

बाईंनी सुनेच्या मांडीवरच्या नातवाचं टोपडं सारखं केलं.

"आई, रागावू नको हां. आज सोमवार आहे. अर्धं ताट संपल्यावर आठवलं."

"आपल्या घरात सोमवारी मासे कधी शिजले नाय."

"माहितीये. ठेवू का बाजूला?"

"गप जेव. महादेवाक मी सांगतंय."