दाराजवळचा स्पीकर

तासगाव-सांगली एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या.

“आंबूबाई, मिल्ट्रीतल्या पोरानं पाठवल्यालं होम थेटर वाजलं का गं?”

“चित्र दिसायचं, पर स्पीकर मुकंच. मग सून वायरी बघत बसली. म्हणली, आत्याबाई, वायर चुकीच्या भोकात हाय. टीव्हीच्या एआरसी लिवल्याल्या भोकात घातली, की त्याच वायरीतनं आवाज सुरू!”

“लय हुशार हाय पोर.”

“व्हय की. काल मिल्ट्रीतनं पोराचा, शंभूचा, व्हिडिओ कॉल आला, तो ह्यांनी टीव्हीवर घेतला. आमी दोगी सैपाकघरात. दाराजवळच्या स्पीकरातनं ‘आई’ म्हणाला गं!”

“मग?”

“मग काय, भाकरतुकडा ओवाळाय धावले की दाराकडं.”

“सून हसली आसंल.”

“हसती कशाची? वायर तिनंच जोडल्याली, पर पाण्याचा तांब्या घिऊन माज्या आदी दारात तीच हुबी.”