वरची फळी

क्षितिज : ...तर काका, माझं रायफलचं लायसन्स आलं एकदाचं! काकूंना द्या फोन. म्हणावं, तुमच्या जोडीला व्हीलचेअरवरचा दुसरा शिकारी तयार झाला.

शशी : क्षितिज, ऐक. सुप्रभा आज सकाळी गेली.

क्षितिज : काय?

शशी : हॉस्पिटलमध्ये. न्यूमोनिया झाला होता. एमएसनं स्नायूच निकामी केले होते, खोकायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

क्षितिज : काका... तुम्ही आत्ता कुठे आहात? वाऱ्याचा आवाज येतोय.

शशी : रानात. मचाणापाशी.

क्षितिज : आज?

शशी : घरात बसवेना. अनुया ट्रेनमध्ये आहे, पोचेल दुपारी. मचाणाच्या रॅम्पवर जाळी ठोकायची राहिली होती. ओल्या फळ्यांवरून चाक घसरतं. सुप्रभा रोज आठवण करून द्यायची.

क्षितिज : हातोडी ठेवा खाली. मी येतो.

शशी : चिखल आहे. तुझी खुर्ची रुतेल.

क्षितिज : तुमच्या गाडीपर्यंत तर येईन.

(पुढचा महिना. इंग्लंडमधलं, मिल्टन कीन्सजवळचं तेच रान. मचाणावर शशी, त्याची मुलगी अनुया आणि व्हीलचेअरवर क्षितिज.)

अनुया : बाबा, बसा ना एका जागी. किती वेळा रॅम्प खाली-वर करणार?

शशी : जाळी कुठे सुटली का बघतोय.

अनुया : नाही सुटली. दर वीकेंडला घरून, स्टॅनमोरहून येऊन तुम्ही हेच चेक करता. ऑनेस्टली, मला हा सगळा तोडून टाकावासा वाटतो.

क्षितिज : आधी मला उतरव, मग तोड.

अनुया : हसू नको तू. आई डॉक्टर होती. घरातला कोळी पण ग्लासमध्ये पकडून बाहेर सोडायची. तिला हरीण का मारायचं होतं, मला कळतच नाही.

शशी : हरणं फार वाढली की नवीन झाडं उगवूच देत नाहीत. रानाच्या मालकाला कुणाकडून तरी ती कमी करून घ्यावीच लागतात. पाय चालत होते तोवर सुप्रभा यायची. दिवाळीला तू तो रस्सा दोनदा मागून घेतलास, तो कसला होता?

अनुया : ते हरीण होतं?

शशी : मग काय, वेम्बलीच्या खाटकाकडचा बोकड?

अनुया : ओ माय गॉड, बाबा!

क्षितिज : पाय गेल्यावर शिकारीच्या क्लबवाले काकूंना म्हणाले, शिडीच्या मचाणावर आम्ही चौघं तुम्हाला उचलून ठेवू. काकू म्हणाल्या, मी सोफा नाही.

शशी : आणि घरी येऊन मला म्हणाली, रॅम्प बांध.

क्षितिज : श्श. तिकडे काहीतरी हललं.

अनुया : हो. त्या पडलेल्या झाडामागे. किती छोटं आहे, कुत्र्याएवढं.

शशी : मंटजॅक आहे, हरणातली बुटकी जात. नर. मागे मातीचा चढ आहे, गोळी पुढे जायची नाही. नेम घे, क्षितिज.

क्षितिज : मला नुसती खिडकीची वरची फळी दिसतेय.

शशी : जरा वाक.

क्षितिज : पाठीत रॉड आहेत, काका. वाकता येत नाही.

अनुया : गेलं ते.

क्षितिज : मचाणाची ही खिडकी काकूंच्या डोळ्यांच्या उंचीला बरोबर आहे. मी वीतभर उंच पडतो. वरची फळी तेवढी कापली, तर—

शशी : ती नको.

क्षितिज : बरं.

शशी : स्वयंपाकघरात तिच्यासमोर धरून खूण केली होती त्या फळीवर. पेन्सिल तिनंच ओढली. इथे बसायला ती आलीच नाही.

क्षितिज : राहू दे, काका. खरंच.

शशी : असं करू. पलीकडे शिडीचं मचाण आहे. मालकाची माणसं बोलावतो. आम्ही उचलून ठेवू तुला वर. त्यात काय एवढं?

अनुया : बाबा.

शशी : काय?

अनुया : आत्ता काय म्हणालात तुम्ही?

क्षितिज : जाऊ दे, अनुया. मला राग नाही आला.

शशी : सुप्रभाला आला असता.

अनुया : करवत गाडीत आहे ना? मी आणते.

शशी : नको, मी आणतो. तू पेन्सिल घे. ती तिथे खिळ्यांच्या डब्यात आहे. त्याच्या डोळ्यांच्या वर चार बोटं सोड आणि रेघ मार.

अनुया : सरळ येणार नाही माझी.

शशी : तिचीही आली नव्हती.

क्षितिज : अनुया, पेन्सिल डोळ्यात घालू नकोस. तेवढेच धड आहेत.

अनुया : गप्प बस, हलू नको... झाली. बाबा, आलात? बघा, बरोबर आहे का?

शशी : बरोबर आहे.

अनुया : मग? करवत हातातच आहे तुमच्या.

शशी : हो.

अनुया : मी फळी खालून धरू?

शशी : थांब जरा.

क्षितिज : काका, अंधार पडायला आला. पुढच्या शनिवारी करू या?

शशी : शनिवारी. रॅम्प झाला, जाळी झाली. फळी कापायची राहिली आहे.