शर्यतीच्या ट्रकचं हेड

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. बोलत होती ती भावजय.

"शर्यतीच्या ट्रकचं सिलिंडर हेड हवंय. जुन्याला तडा गेलाय."

"ॲल्युमिनियमचं देऊ की बिडाचं, ताई?"

"यांनी चिठ्ठीत नुसतं 'चांगलं' लिहिलंय."

"दोन्ही चांगलीच. ॲल्युमिनियमचं हलकं, बिडाचं जड."

"वहिनी, दादाला फोन लावू?"

"नको गं. पायाचं प्लास्टर बदलून आत्ताच झोपलेत."

"व्हॉल्व्ह मोठे हवेत की साधे?"

"मोठ्यांनी काय होतं?"

"इंजिन जास्त हवा ओढतं, जोर वाढतो."

"मग साधे."

"अगं वहिनी, दादाला तर जोरच हवाय."

"मला काही सुधरत नाहीये. भाऊ, तुम्हीच सांगा, यातलं कुठलं लावलं तर ट्रक हळू पळेल?"

"हळू पळवायला कुणी नवं हेड घेत नाही, ताई. ते चालवणाऱ्याशीच बोलावं लागेल."

"बोलून दमले. जड असेल ते द्या."

"देतो. मागेच ठेवलंय."

"थांबा जरा, भाऊ. वहिनी, तू गप्प बस. हे हेड यायला दोन महिने लागतील, असं दादासाठी एका कागदावर लिहून द्याल?"