आखणीतली दारं

(पाटणजवळचं एक गाव. १९७१ सालच्या मार्चमधली दुपार. डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपात पडलेल्या घराची जागा साफ करून तिथं पांढऱ्या फक्कीनं नव्या घराची आखणी मारली आहे. पाया अजून खणलेला नाही. हवालदार लालासाहेब, त्याची बायको शालूबाई आणि म्हातारा गवंडी गुंडा आखणीपाशी उभे आहेत.)

लालासाहेब : पण हा साताऱ्याच्या ओव्हरसियरनं काढल्याला प्लॅन हाय, गुंडातात्या. ह्यात भाईर पडाय फुडं एक दार, मागं एक दार. तुमी जमिनीवर पाच कुठनं आणली?

गुंडा : बसा की आदी. एसटीचा धुरळा बी झटकला न्हाई अजून. सूनबाई, तुमी त्या दगडावर टेका.

लालासाहेब : बसायला टाइम न्हाई. रजेतलं अकरा दिस ऱ्हायलं. पाया भरल्याला बघून मला डूटीवर जायचंय.

गुंडा : मग माजी काय चूक झाली ती तुमीच सांगा. संक्रांतीच्या आदी तुमचं पत्र आलं, मास्तरकडनं वाचून घेतलं. त्यात काय लिवलं हुतं? प्लॅन धाडतोय, त्याबरहुकूम आखणी मारा, आन् घरच्या बाईमाणसाला त्यातनं हिंडवून इचारा. कमी-जास्त असंल ते आत्ताच सांगू द्या. भिंती उठल्यावर तोंड वाकडं करायचं न्हाई.

लालासाहेब : लिवलं हुतं.

गुंडा : तसं इचारलं. त्यांनी दावलं तितं दार सोडलं.

लालासाहेब : त्यांनी म्हंजे कुणी?

गुंडा : ह्या काय, समोरच बसल्यात.

शालूबाई : मी? तात्या, ही फक्की मी आज पयल्यांदा बघतीया.

गुंडा : म्हाताऱ्याची चेष्टा करू नगा, सूनबाई. गेल्या आठवड्यात तीन दिस लागोपाठ आला तुमी. कासराभर दिस वर आला की हजर.

शालूबाई : आवं, संक्रांतीपासनं मी म्हायेरी हाय, फलटणला. बाबा अंथरुणाला खिळल्यात. बनूला बी संगं न्यली हुती. हे रजेवर थेट तिकडंच आले, आन् आज सकाळच्या गाडीनं आमी तिघं निघालो. पोरीला चुलतीकडं सोडली आन् तशीच हितं आले.

गुंडा : मी नदीपल्याडचा माणूस. तुमी गावात न्हाई हे मला कोण सांगणार?

लालासाहेब : शेजारचीच कुणीतरी असंल. रिकामटेकड्या बायका लय हायत गावात. तोंड बघितलं असंल की तुमी?

गुंडा : आता काय बोलायचं? हनवटीपतुर पदर. मराठ्याच्या घरची सून, आन् म्या गवंड्यानं मान वर करून तिचं तोंड बघायचं? चाळीस वरसं थापी धरली, कुठल्या मालकिणीच्या पावलाच्या वर नजर न्यली न्हाई. बाई बोलाय लागली की भुईकडं बघायचं आन् व्हय म्हनायचं. हवालदारांची नवी बायकू हीच, असं धरून चाललो.

लालासाहेब : बरं. काय काय सांगितलं बाईनं? रिपोर्ट द्या सगळा.

गुंडा : पयल्या दिशी नुसत्या हिंडल्या. म्या म्हनलं, काय शिस्तीची बाई हाय. बाकीच्या बायका फक्कीवरनं खुशाल पाय टाकत जात्यात, त्यास्नी नुसती रेघ दिसती. ह्या दारातनं आत, दारातनं भाईर. जशी काय भिंत उभीच हाय. दुसऱ्या दिशी ह्या खोलीत उभ्या ऱ्हायल्या. कुणाची म्हनून इचारलं. म्हनलं, पोरीची, पत्रात तसं लिवलंय.

शालूबाई : मग?

गुंडा : म्हनाल्या, हिला दार एकच? म्हनलं, ओव्हरसियरनं तेवढंच दावलंय. तर म्हनाल्या, परसाकडं दुसरं सोडा. समद्याच खोल्यांस्नी दोन-दोन करा. आन् दारं भाईरल्या अंगाला उघडू द्या.

लालासाहेब : भाईर? साऱ्या गावाची दारं आत उघडत्यात.

गुंडा : म्या बी तेच बोललो. आत उघडायची चाल हाय, बाई. तवा म्हनाल्या... हे मला तवा कळलं न्हाई, हवालदार. म्या आपली मान हालवली.

लालासाहेब : काय म्हनाली?

गुंडा : म्हनाल्या, आत उघडणारं दार मातीनं दाबलं की वढता येत न्हाई, तात्या. लय वढलं म्या.

शालूबाई : आवं, तुमी बसा खाली. तोंड पांढरं झालंय तुमचं.

लालासाहेब : मला काय झालं न्हाई. तात्या, हे बोलणं बास करा. माजी पयली बायकू, विजयमाला, भूकंपात निजंत गेली. तुमीच काढली तिला ढिगाऱ्यातनं आन् तुमीच मला सांगितलं. निजल्या जागी गेली, काय कळलं बी न्हाई तिला. ह्याच जागंवर उभं ऱ्हाऊन सांगितलं.

गुंडा : खोटं सांगितलं.

लालासाहेब : का?

गुंडा : तुमी चौथ्या दिशी आला, वर्दीतच. ती वर्दी, ते तोंड, बघवत न्हवतं. जीब उचललीच न्हाई खरं बोलाय. थोरल्या सूनबाई दाराशी हुत्या, दोनी हात कडीत. बनूला त्यांनी वरल्या झरोक्यातनं भाईर ढकलली हुती. झरोका केवढा, पोर मावंल एवढा. मग दाराकडं वळल्या असतील. मागची भिंत त्यांच्या पाठीवर आली हुती.

लालासाहेब : आन् सव्वातीन वरसं हे पोटात ठेवलं तुमी. त्येच आता वर येतंय. तुमच्या मनाला खातंय, म्हनून पदर घेऊन बाई उभी केली डोळ्याम्होरं. दुसरं काय न्हाई.

गुंडा : तसं असंल तर लय बरं हुईल. मला बी आत्ताच उमगतंय, तुमच्यासंगं बोलताना. पण त्या खोलीतली भुई बघा एकदा. तिसऱ्या दिशी सकाळीच म्या पाणी मारून चोपली हुती ती, मऊ हुती. त्यानंतर त्या येऊन गेल्या. माजी पावलं उमटल्यात, कुत्र्याची उमटल्यात.

शालूबाई : आणि कुणाची न्हाईत.

लालासाहेब : शालू, तू आत जाऊ नगंस.

शालूबाई : का? माज्या गळ्यात तिच्याच नावाचा, सवतीचा टाक हाय. रोज पयलं कुंकू तिला लावती, मागनं मला. तिला भ्यायचं हुतं तर तुमच्याशी लगीन कशाला केलं असतं?

लालासाहेब : असल्या ऑर्डरवर घर बांधायचं न्हाई, तात्या. ओव्हरसियरचाच प्लॅन घाला. एवढी दारं पाडली तर भिंतीत जोर ऱ्हाणार न्हाई.

शालूबाई : घर कुणासाठी बांधताय तुमी?

लालासाहेब : बनूसाठी. दुसरं कुणासाठी?

शालूबाई : मग तिला इचारलं का? भूकंपापासनं पोरगी छपराखाली निजत न्हाई. तुमी रजेवर येता आन् चार राती बघता. मी थंडीवाऱ्यात तिच्यासंगं बैलगाडीखाली पडती. पाऊस आला तर पत्र्याच्या शेडच्या दारात बसून काढती रात, पण आत येत न्हाई. चार भिंती आन् एक दार, असलं घर तुमी सोन्याचं बांधलं तरी ती त्यात पाऊल टाकायची न्हाई.

लालासाहेब : आन् पाच दारं पाडली की निजंल?

शालूबाई : ते मला ठाऊक न्हाई. पण पोरीला कशाचं भ्या वाटतं ते तुमच्या ओव्हरसियरला कळलं न्हाई, आन् थोरलीला कळलं.

गुंडा : मी काय करू, हवालदार? उद्या गडी येत्यात खणाय.

लालासाहेब : ...दारं ऱ्हाऊ द्या. भाईर उघडू द्या. दगड चांगला वापरा, आन् मधनं लाकडाच्या पट्ट्या घाला.

गुंडा : घालतो.

शालूबाई : तात्या, तिसऱ्या दिशी काय म्हनली ती?

गुंडा : काय न्हाई, असंच.

शालूबाई : माज्याबद्दल बोलली. तुमी नजर चुकवताय.

गुंडा : तुमच्याबद्दल म्हंजे... निजायच्या जागा दावल्या त्यांनी. त्या चुन्याच्या दोन खुणा म्या घातल्यात, दिसत्यात न्हवं? म्हनाल्या, पोरगी दाराला लागून निजंल. भिंतीच्या अंगाला तिची आई. म्या धरलं, बाई सोताबद्दलच बोलतीया.

शालूबाई : आई म्हनली?

गुंडा : व्हय. तिची आई, असंच म्हनाल्या.

शालूबाई : पोरगी अजून मावशी म्हनती मला.

लालासाहेब : ती भिंत कुठली ते बघितलंस का? मागचीच, जी तिच्या अंगावर आली ती. परत तसलं काय झालं तर पयली तुज्यावर येणार. तात्या, ती खूण पुसा.

शालूबाई : नगा पुसू, तात्या. बरूबर सांगितलंय तिनं. मी बी पोरीला तशीच निजवली असती.