माडीवरच्या फळ्या

भालकीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. फरशी घ्यायला निघालेलं. म्हातारी कुरकुरतच होती.

“माडीच्या फळ्यांवर फरशी कामून बसवायलाव? हायत की चांगल्या.”

“फटीतली माती खाली तुझ्या भाकरीत पडायलीय.”

“पडू द्या. झटकून खातेय मी.”

“मिस्त्री आधी फळ्या स्क्रूनं आवळणार हाय. फळी हालली की फरशी तडकती म्हणं. वाजायच्याबी बंद हुतील.”

“बंद?”

“पार बंद.”

“मग न्हाई बसवायची.”

“आगं, कामून?”

“माझ्या गुडघ्यानं वर येववत न्हाई. सकाळी फळी वाजली की कळतंय, तुमी उठलाव. मग चहा ठेवते. तुमाला चक्कर आल्यापसून तर तेच ऐकत बसते.”

“मग खालून हाक मारत जा.”

“काय म्हून मारू? नाव घिऊ तुमचं?”

“घे की. राघोबा म्हण. आता घरात आपुन दोघंच हाव.”

“काईबी बोलायलाव.”

भालकी आली. म्हातारा आधी उतरला आणि गर्दीतनं पुढं निघाला. ती अजून बसच्या पायरीवरच होती.

“राघो... अवो, थांबा की!”

तो वळला.

“आलं की ऐकू.”