बाबांच्या खुर्चीचा रंग

रंगाच्या दुकानातली रांग हलत नव्हती. खांद्यावरचं बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून त्याची आई जागच्या जागी डुलत उभी होती. तिच्या पुढे एक दमलेला माणूस आणि त्याची थोरली बहीण बोलत होते.

"पुन्हा लालच आला रंग?"

"लाल नाही गं ताई, विटकरी. बाबांची खुर्ची काळपट होती."

"ही तू जुन्या बाजारातून आणलेली. आधीचं पॉलिश घासून काढलंस का?"

"नाही. वरूनच लाकडाला लावायचं स्टेन फासलं. वाळेचना. बाबांचा सदरा चिकटला."

"शाबास! बसले तरी म्हणजे."

"क्षणभर. मग म्हणाले, ही पाहुण्यांची, माझी कुठाय? दिवसभर उभेच असतात. पाय सुजलेत."

"त्यांची जुनी खुर्ची विकायची कुठून अवदसा आठवली तुला?"

"डुगडुगत होती. पडले असते. वाटलं, त्यांना काय कळतंय!"

"सगळं विसरतात, नेमकी खुर्ची लक्षात."

"माझं नाव विसरलेत. खुर्ची नाही."

"मग सांगून टाक ना, विकली म्हणून. एकदाच काय ते रडतील."

"सांगितलं. रडले, जेवलेही नाहीत. सकाळी उठून पुन्हा विचारलं, माझी खुर्ची कुठाय?"

"मग?"

"पुन्हा सांगितलं. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. आता नाही सांगवत, ताई."

"बोला, काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

बहिणीने भावाच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"खरखरीत पॉलिश पेपर द्या आधी. आणि सागवानी स्टेन, त्यातला सगळ्यात काळपट. आणि तू रे, घरी जाऊन झोप जरा. आज मी घासते."